मुलगी 'कोसला' वाचून रडली म्हणून मी पुस्तक लपवलं, चुकलं का माझं?

पत्र:

ताई, नमस्कार. माझी मुलगी १४ वर्षांची आहे, नववीत. वाचायचं वेड आहे तिला आणि आम्हाला त्याचं कौतुकच होतं. गेल्या महिन्यात लायब्ररीतून तिने भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' कादंबरी आणली, मावसभावाने सांगितलं म्हणे. सुरुवातीला घरात सारखं त्यातलं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' चालू होतं, आम्ही हसायचो. मग एका रात्री मनी, म्हणजे त्यातल्या पांडूची धाकटी बहीण, मरते तो भाग वाचून जी रडायला लागली ती दोन दिवस धड जेवली नाही, कोणाशी बोलली नाही. मी जवळ घ्यायला गेले तर मला म्हणाली, "आई, पांडू पण नव्हता तिथे. पण त्याला कोणी आईस्क्रीम नाही दिलं."

हे तुम्हाला कळायला मागचं सांगावं लागेल. ती पाचवीत असताना तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, चिपळूणला वारले. गुरुवारी गेले आणि रविवारी तिचा स्कॉलरशिपचा पेपर होता. वर्षभर अभ्यास केला होता तिने. आम्ही ठरवलं की पेपर होईपर्यंत सांगायचं नाही. मिस्टर एकटे गेले, तिला सांगितलं बाबा ऑफिसच्या कामाला गेलेत. ती रोज रात्री आजोबांना फोन करायची, तर ते तीन दिवस मी तिला सांगत होते "आजोबा झोपलेत". रविवारी पेपर झाल्यावर तिला आईस्क्रीम खायला नेलं आणि तिथे सांगितलं. तेव्हा ती फार रडली नव्हती, आम्हाला वाटलं लहान आहे, विसरेल. चार वर्षं विषयसुद्धा काढला नाही तिने.

आता मी ते पुस्तक माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवलंय. मिस्टर म्हणतात असली पुस्तकं या वयात देऊच नयेत, मुलांचं निरागसपण घालवतात, अभ्यासाचं वर्ष आहे. माझंही मन तेच सांगतं पण खात्री वाटत नाही. काय करू? तिचं निरागसपण जपायचं कसं?

— एक आई, ठाणे

उत्तर:

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा "आजोबा झोपलेत" या दोन शब्दांशी थांबले. तुम्ही ते लपवलं नाहीत, स्वतःहून लिहिलंत, म्हणजे कुठेतरी तुम्हालाही माहिती आहे की गोष्ट पुस्तकाची नाहीये. त्यामुळे मी सरळच बोलते, राग मानू नका.

निरागसपण 'कोसला'ने नाही घालवलं. ते त्या रविवारी आईस्क्रीमच्या दुकानात गेलं, आणि खरं सांगायचं तर आजोबा गेले म्हणूनही नाही गेलं. दहा वर्षांच्या मुलांना मरण कळतं, घरातलं कुत्रं मेलेलं असतं, शेजारचे काका गेलेले असतात, त्यांना ते झेपतंही. तिला त्या दिवशी कळलं ते वेगळंच होतं, की आपण पेपर लिहीत होतो तेव्हा सगळ्या घराला माहिती होतं आणि फक्त आपल्याला नव्हतं, आणि रोज रात्री फोन मागितल्यावर आई जे सांगत होती ते खोटं होतं. तुम्ही म्हणता ती तेव्हा फार रडली नाही. बहुतेक तिच्याकडे त्या गोष्टीला शब्दच नव्हते. समोर आईस्क्रीम वितळतंय, आईबाबा चेहऱ्याकडे बघतायत, मूल काय बोलणार? चार वर्षांनी पुस्तकात एक मुलगा भेटला ज्याची धाकटी बहीण गावाकडे वारली आणि तो पुण्यात होता, आणि मग शब्द मिळाले. ते तिने तुम्हालाच सांगितले, मैत्रिणीला नाही, इन्स्टावर नाही. तुमच्यावरचा विश्वास पूर्ण उडाला असता तर ती तुमच्याशी हे बोललीच नसती, हे आधी लक्षात घ्या.

आता थोडं पुस्तकांबद्दल बोलते, कारण मिस्टरांचा मुद्दा आहे की असली पुस्तकं या वयात नकोत. 'असली' म्हणजे कसली हे एकदा नीट बघूया.

'कोसला' १९६३ ची. लिहिली तेव्हा नेमाडे स्वतः पंचविशीचे होते, आणि पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचाच. खानदेशातल्या सांगवीतला मुलगा, पुण्याला कॉलेजात येतो, हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र, पैसे उडवणं, वडिलांशी भांडण आणि शेवटी परत गावाकडे. मनीचा भाग सोडला तर यातलं बरंचसं चौदाव्या वर्षी कंटाळवाणं वाटेल आणि ती पानं ती गाळेल, गाळू दे. पण मनीचा भाग मराठीत ज्याने ज्याने वाचलाय त्याला तो विसरता येत नाही, कारण त्यात समजूत काढलेली नाहीये. देव आहे, नशीब होतं, चांगली माणसं लवकर जातात, यातलं काही नाही. पांडुरंग चिडतो, घरच्यांवर चिडतो, काहीच्या काही आठवत बसतो. तुमच्या मुलीला चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी भेटलं ज्याला समजूत नको होती. म्हणून ती रडली. ते रडणं चार वर्षं आधीचं होतं.

बरं, तुम्ही म्हणाल की मग आपली साधी, संस्कारांची पुस्तकं द्यावीत. 'श्यामची आई' द्या ना, नक्की द्या. पण आधी तुम्ही स्वतः ती परत एकदा पूर्ण वाचा. मला या पुस्तकाबद्दल फार वाटतं आणि आपण त्याचं काय करून ठेवलंय त्याचं वाईटही वाटतं. पाय मळू नयेत म्हणून जपतोस तसं मन मळू नये म्हणून जप, हा एक धडा आपण लक्षात ठेवला आणि बाकी पुस्तक विसरलो. त्यात एक प्रकरण आहे, 'मोठा होण्यासाठी चोरी'. श्याम पाहुण्यांचे पैसे चोरतो, कशासाठी, तर पुस्तकं घ्यायला. आणखी एक आहे, 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक'. सावकाराचा माणूस दारात येऊन नाही नाही ते बोलतो, आईबद्दल बोलतो, आणि मुलं ते ऐकतात. घरावर जप्ती येते. एकेकाळी खात्यापित्या घरातली बाई दुसऱ्याकडे काम करायला जाते. आणि शेवटी आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो, शिकायला लांब गेलेला असतो, पोचतो तेव्हा सगळं संपलेलं असतं.

म्हणजे बघा, तुमच्या मुलीचं जे झालं तेच. नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये ९ तारखेला लिहायला घेतलं आणि १३ ला पहाटे संपवलं. पाच दिवस! त्यांची आई १९१७ ला गेलेली. पंधरा वर्षांहून जास्त एक माणूस ते मनात घेऊन फिरला आणि मग पाच दिवसांत सगळं बाहेर आलं. आणि कसं लिहिलंय ते बघा, श्याम एकटा बसून आठवत नाही, तो आश्रमात रोज रात्री आपल्या सोबत्यांना सांगतो. त्या पुस्तकात प्रकरणांना रात्री म्हटलंय, रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. मोठ्या झालेल्या माणसालासुद्धा हे सांगायला बेचाळीस रात्री आणि ऐकणारी माणसं लागली. तुमच्या मुलीला अजून एकही रात्र मिळालेली नाही.

मी हे पुस्तकी बोलत नाहीये, माझ्या घरात झालंय म्हणून बोलतेय. मी लालबागची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते, वडील गिरणीत. अडीच लाख कामगार घरी बसले होते आणि मला सांगितलं होतं, "गिरणीला सुट्टी आहे थोडे दिवस." मला आधी आनंदच झाला, बाबा दिवसा घरी. मग उन्हाळा गेला, पावसाळा आला, सुट्टी काही संपेना. आई दुपारी पापड लाटायला लागली, आधी घरचे म्हणून, मग पोतं भरून. आणि वाणी उधारीची वही घेऊन दारात आला की आई मला पुढे करायची. मी सांगायचं, "बाबा गावाला गेलेत." बाबा आत माळ्यावर असायचे. खोलीला एकच पडदा, त्याच्या मागे शिडी, शिडीच्या वरच्या पायरीवर त्यांची बोटं दिसायची मला, अंगठ्याचं नख गिरणीत कधीतरी चेंगरून काळं पडलेलं. मी वाण्याकडे बघत खोटं बोलायचे आणि मनात म्हणायचे बाबांनी पाय वर घ्यावा. ते पाय अजून दिसतात मला.

त्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या कपाटातून 'श्यामची आई' घरी आणली होती. सावकाराचा माणूस येतो ते प्रकरण वाचलं आणि माझे हातपायच गार पडले, कारण मला तोवर वाटत होतं की हे फक्त आमच्याकडे चालतं आणि आम्ही काहीतरी घाण केलीय म्हणून चालतं. मी पुस्तक तसंच उघडं घेऊन आईकडे गेले. ती लाटत होती. मी विचारलं, "आपल्यावर किती कर्ज आहे?" आईने लाटणं थांबवलं. मला वाटलं आता फटका बसणार. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "साडेअठराशे. वाण्याचे सहाशे, बाकी मामाचे आणि पतपेढीचे." मग उठून डब्याखालची एक वही काढली आणि मला दाखवली. त्या दिवसापासून ती वही मी लिहायला लागले, कारण माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं होतं. वाणी आला की मीच सांगायचे की या महिन्यात चाळीस देऊ. बाबा गावाला गेलेत हे मात्र परत कधी सांगावं लागलं नाही.

तुम्ही विचाराल, मग तुमचं निरागसपण गेलं नाही का त्या वयात? गेलं की. पण ते शिडीपाशी जात होतं तेव्हा मी एकटी होते आणि वहीपाशी गेलं तेव्हा आई बाजूला बसली होती. या दोन्हींत जो फरक आहे तेवढाच मला तुम्हाला सांगायचाय. मोठं होणं कोणाला चुकत नाही, पण ते करताना शेजारी कोणी आहे का नाही हे मात्र आपल्या हातात असतं.

आणि तुम्ही नीट बघितलंत तर चांगल्या लेखकांना हे माहिती असतं. 'शाळा' वाचलीय का तुम्ही? मिलिंद बोकील यांची, २००४ ची. सिनेमा बघितला असेल कदाचित, पण पुस्तक वेगळं आहे. त्यातला मुकुंद जोशी तुमच्या मुलीसारखाच नववीत आहे. मागे आणीबाणी चालू आहे, पुढे शिरोडकर नावाची मुलगी आहे, बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये बसणारे मित्र आहेत. पण मला त्यात सगळ्यात जास्त आवडतो तो नरूमामा. एकच मोठा माणूस जो या मुलाशी सरळ बोलतो, चेष्टा करत नाही, उपदेश करत नाही. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते, ते कोणी थांबवू शकत नाही, नरूमामाही नाही. पण तो मुलगा ते सहन करू शकेल असं आपल्याला वाटतं, त्याचं एक कारण तो मामा आहे असं मला नेहमी वाटत आलंय.

आणि लंपन! प्रकाश नारायण संतांचा लंपन तर मी तुमच्या मुलीच्या हातात लगेच ठेवला असता. पहिलं पुस्तक 'वनवास', १९९४ चं. कानडी मुलखाच्या सीमेवरचं गाव, आजीआजोबांकडे राहणारा मुलगा, मैत्रीण सुमी, आणि प्रत्येक गोष्ट 'मॅड'. आजीआजोबांकडे राहतो हे महत्त्वाचं, तुमच्या मुलीला त्याच्या आजोबांमध्ये तिचे आजोबा दिसतील, दिसू देत. लंपन हसवतो खूप, पण चार पुस्तकांच्या शेवटाकडे त्याचे बाबा जातात, आणि तो जो इतकी वर्षं सगळं बारीक बारीक बघत होता तो हेही तसंच बघतो. संतांचे स्वतःचे वडील ते लहान असताना गेले. आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. ते कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि लंपनचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. म्हणजे इथेही तेच, लहानपणी जे झालं ते सांगायला किती वर्षं जावी लागली बघा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. या सगळ्या पुस्तकांतल्या मुलांना आधी निरागसपण मिळालं होतं, मग ते गेलं. सगळ्यांना मिळतंच असं नाही. आनंद यादवांच्या 'झोंबी'मधला कागलचा मुलगा, वडील शाळेतून काढून मळ्यात जुंपतात, आणि शाळेत परत जायला मिळावं म्हणून त्या पोराला जी झोंबी घ्यावी लागते ती वाचताना आपल्यालाच धाप लागते. उर्मिला पवारांचं 'आयदान' आहे, त्यातला एक प्रसंग मी कितीतरी जणींना वाचून दाखवलाय. शाळेत गुरुजी या छोट्या मुलीला शेण उचलायला लावतात, कारण तिची जात. ती नाही म्हणते, मार खाते. तिची आई कडक, सारखी आयदानं, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं, विणत बसलेली, मुलीला तिची भीतीच वाटायची. आणि त्या आईने तेच गुरुजी रस्त्याने जाताना त्यांना अडवून जाब विचारला. मुलीला त्या दिवशी दोन गोष्टी एकदमच कळल्या, जग कसं आहे ते आणि आपली आई कशी आहे ते. मला हा प्रसंग वाचताना दर वेळी वाटतं की आईने तेव्हा घरात बसून "जाऊ दे गं, विसर" म्हटलं असतं तर ती मुलगी पुढे कदाचित लेखिका झाली नसती.

पण 'झोंबी' किंवा 'आयदान' तुमच्या मुलीला आत्ता "बघ, लोकांनी काय काय भोगलंय, तुझं काय एवढं" म्हणून देऊ नका. हे मी हात जोडून सांगते, कारण आपण आया हे हमखास करतो. दुसऱ्याचं दुःख हे आपल्या मुलांना गप्प करायचं हत्यार नाहीये. ती वर्षभराने आपणहून त्या पुस्तकांपर्यंत जाईल.

आता काय करायचं ते.

पहिलं म्हणजे तिची माफी मागा. पुस्तक घेतल्याबद्दल नंतर, आधी "आजोबा झोपलेत" बद्दल. माफी मागताना "आम्ही तुझ्या भल्यासाठीच" हे वाक्य येऊ देऊ नका, मला माहितीय ते खरं आहे, तुम्ही प्रेमापोटीच केलंत, घरात मयत झालेली असताना मिस्टरांना एकटं पाठवून तुम्ही मागे राहिलात आणि रोज मुलीसमोर हसऱ्या चेहऱ्याने डबा भरलात हे काही सोपं नव्हतं, तुम्हालाही सासरे गेल्याचं रडता आलं नाही. पण ते भलं वगैरे तिला ती विचारेल तेव्हा सांगा. आधी फक्त एवढंच, की मी तुझ्याशी खोटं बोलले, तीन रात्री, आणि ते चुकलं. आणि मग गप्प बसा. ती रागावली तर रागावू दे, खोलीत निघून गेली तर जाऊ दे, मागे जाऊ नका. परत येते पोर.

दुसरं, तिला ते दिवस द्या. तुम्ही तिला आजोबा गेल्याचं सांगितलंत, पण त्या दिवसांत काय झालं ते सांगितलंत का कधी? गुरुवारी फोन किती वाजता आला, कोणी केला, बाबा कुठल्या गाडीने गेले, आजोबांना शेवटी काय होत होतं, त्यांनी तिचं नाव काढलं का, नसेल काढलं तर नाही काढलं असं सांगा, मागून गोड रचू नका. कोणी खांदा दिला, पाऊस होता का ऊन होतं. लहान लहान गोष्टी. ज्यांना तिथे असता आलं नाही त्यांना हेच हवं असतं. हे मिस्टरांनी सांगितलं तर जास्त बरं, कारण तिथे ते होते. ते म्हणतील मला नाही जमणार. एवढंच म्हणा की आधी गाडीच्या प्रवासाचं सांगा, तेवढं तरी सांगा. पुरुष माणसं प्रवासाचं सांगायला लागली की हळूहळू बाकीचंही सांगतात, मी बघितलंय. आणि त्यांना स्वतःच्या वडिलांबद्दल मुलीजवळ रडू आलं तर येऊ दे, तिला ते बघायला मिळालं तर उलट चांगलंच आहे. जमलं तर मेच्या सुट्टीत तिला चिपळूणला न्या, आजोबा बसायचे त्या जागी थोडा वेळ बसू दे तिला.

तिसरं पुस्तकांबद्दल. कुठलं द्यायचं कुठलं नाही याची यादी करत बसू नका, तिच्या वयाला तुम्ही 'पंधरा वर्षांवरील' असा शिक्का मारलात तर ती मोबाईलवर वाचेल आणि तुम्हाला कळणारही नाही. त्यापेक्षा ती जे वाचतेय ते तुम्हीही वाचा. परीक्षा घेतल्यासारखं "काय शिकलीस यातून" हे विचारू नका, मराठीच्या पेपरात विचारतात तेवढं पुरे झालं. तुम्हाला स्वतःला काय वाटलं ते सांगा, बस्स. मनीचा भाग वाचा आणि तिला सांगा मलाही रडू आलं, आलं असेल तर. नेमाड्यांची शैली नाही आवडली तर तेही सांगा, भांडा तिच्याशी, नववीतल्या मुलीशी पुस्तकावरून भांडायला फार मजा येते. स्वयंपाक करताना, रिक्षात, कुठेही. तुमच्या घरात रात्री फोनची एक वेळ होती ना, आजोबांच्या फोनची? ती वेळ रिकामी पडली असेल चार वर्षं. त्या वेळेला रोज दोन पानं मोठ्याने वाचायची, एक दिवस तुम्ही, एक दिवस ती. लंपनपासून सुरू करा, तो मोठ्याने वाचायलाच चांगला आहे.

एक काळजीचं सांगते, कारण ते सांगणंही माझं काम आहे. पुस्तक वाचून दोन दिवस न जेवणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आठवडा दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, शाळेत जायला नको म्हणते, आवडायच्या त्या गोष्टी सोडून दिल्यात, किंवा जगण्याबद्दल नकोसं काही बोलली, तर वाट बघू नका, पुस्तकांवरही सोडू नका, चांगल्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात, तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. त्यात कमीपणा काही नाही.

अभ्यासाच्या वर्षाचं म्हणाल तर स्कॉलरशिपचंही वर्षच होतं ते. मिस्टरांना हे टोमणा म्हणून नाही सांगत, पण आपल्या घरांतून पेपर हा एवढा मोठा असतो की त्याच्यासमोर मयतसुद्धा थांबून राहते, आणि मुलांना हे दिसत असतं. पुढच्या वर्षी दहावी आहे. तेव्हा घरात काही झालं, देव करो आणि न होवो, तर काय करायचं हे आत्ताच तिच्यासमोर ठरवा. तिलाच विचारा, तुला लगेच सांगायचं का पेपर झाल्यावर? ती जे म्हणेल ते ऐका. मला खात्री आहे ती काय म्हणेल त्याची.

आणि ते पुस्तक आज संध्याकाळीच साड्यांखालून काढा. लायब्ररीची तारीख उलटली असेल, दंड भरा, मुदत वाढवून घ्या. तिच्या टेबलावर गुपचूप ठेवू नका, तिच्या हातात द्या. कुठवर वाचलं होतं ते पान तिच्या लक्षात असेल.